‘सर, हाऊ कॅल्क्युलेटर बिघडी गया’ : एकच समीकरण, तीन उत्तरं

चाळीसगावात संध्याकाळी माझी शिकवणी असते. थोडी दहावीची पोरं, थोडी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाची. दर वर्षी पोळ्याच्या आगेमागे एक प्रसंग ठरलेला असतो, यंदाही आला. फळ्यावर हे समीकरण होतं (पुस्तकात एक्स-वाय असतं, मी इथं क्ष-य लिहितोय):

१५क्ष − ४५ = ४क्ष + १२०

वहीत सगळ्यांचं बरोबर होतं. क्ष एका बाजूला, आकडे दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी वर १२० + ४५, मध्ये आडवी रेघ, खाली १५ − ४. मग कॅल्क्युलेटर निघाले. वडिलांच्या किराणा दुकानातला मोठा टेबलावरचा कॅल्क्युलेटर घेऊन आलेल्या मुलाला आलं ७. त्याच्या शेजारी पॉलिटेक्निकवाला, त्याच्या सायंटिफिकवर ११९. पुस्तकाच्या मागे उत्तर १५. दुकानदाराचा मुलगा अहिराणीत म्हणाला, “सर, हाऊ कॅल्क्युलेटर बिघडी गया.”

बिघडलेला काही नव्हता. दोघांना मी बटणं पुन्हा सावकाश दाबायला लावली. दोघांनी अगदी तीच दाबली: १२० + ४५ ÷ १५ − ४ =

दुकानातला साधा कॅल्क्युलेटर येईल ते तिथल्या तिथे उरकतो. भागाकाराचं बटण दाबताक्षणी पडद्यावर १६५ दिसतं, म्हणजे बेरीज झाली. मग १५ ने भागून ११, त्यातून ४ गेले, राहिले ७. सायंटिफिक थांबतो, सगळी ओळ बघतो, आणि शाळेत शिकवलेल्या नियमाने गुणाकार-भागाकार आधी करतो: ४५ ÷ १५ = ३, मग १२० + ३ − ४ = ११९. मोबाइलवरही बहुतेक ११९च येईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. वहीतली आडवी रेघ मात्र दोघांपैकी कुणालाच दिसलेली नाही. ती रेघ म्हणजे दोन कंस असतात, एक वरचा आणि एक खालचा. कागदावर ते लिहावे लागत नाहीत, बटणांवर लिहावे लागतात.

सायंटिफिक किंवा मोबाइल असेल तर उपाय एका ओळीचा: (१२० + ४५) ÷ (१५ − ४) =, उत्तर १५.

साध्यावर कंस नसतात. तिथे खालचा भाग आधी करायचा आणि मेमरीत टाकायचा: १५ − ४ = दाबा, ११ आलं की एम प्लस. मग १२० + ४५ = दाबा, १६५ आलं की ÷, मग एमआर (मेमरीतला आकडा परत आणणारं बटण), मग =. पंधरा. वरचा भाग आधी केलात तर १६५ मेमरीत जातं आणि शेवटी ११ ला १६५ ने भागून बसाल. हेही दर वर्षी एखादा करतोच, आणि ०.०६६६ घेऊन येतो.

आपल्या हातातला कॅल्क्युलेटर कोणत्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर २ + ३ × ४ = दाबून बघा. १४ आलं तर तो नियम पाळणारा, २० आलं तर येईल तसं उरकणारा. नवीन कॅल्क्युलेटर घेताना दुकानातच हे करून बघावं. मी तर दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर हातात घेतला तरी आधी हेच दाबतो.

एक खुलासा करून ठेवतो. दहावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, तिथे हे सगळं घरी उत्तर पडताळण्यापुरतंच. पॉलिटेक्निकच्या प्रश्नपत्रिकेवर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालेल अशी सूचनाच छापलेली असते, त्यामुळे तिथल्या मुलांना यातली प्रत्येक चूक मार्कांत मोजावी लागते.

शेवभाजी ६२,९४८ रुपये

दोन चलांची समीकरणं आली की गोंधळ दुप्पट होतो. ढाब्यावरची दोन बिलं घ्या. एका टेबलावर ३ शेवभाज्या आणि कळण्याच्या ८ भाकरी, बिल ५२०. दुसऱ्या टेबलावर २ शेवभाज्या आणि ५ भाकरी, बिल ३४०. शेवभाजी क्ष, भाकरी य:

३क्ष + ८य = ५२०
२क्ष + ५य = ३४०

क्रेमरच्या पद्धतीने आधी तीन आकडे काढायचे, मग क्ष = डी-क्ष ÷ डी आणि य = डी-य ÷ डी. इथे डी = ३×५ − ८×२, डी-क्ष = ५२०×५ − ८×३४०, डी-य = ३×३४० − ५२०×२. पुस्तकात दिसतं तसं डावीकडून उजवीकडे साध्या कॅल्क्युलेटरवर बडवलं तर डी येतो १४, कारण १५ मधून ८ आधी जातात आणि उरलेल्या ७ ची दुप्पट होते. डी-क्ष येतो ८,८१,२८०. भागाकार केला की एक शेवभाजी ६२,९४८ रुपये ५७ पैसे. एका मुलीने हे उत्तर खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. शेवभाजी कितीही झणझणीत असली तरी या भावात कुणी खाणार नाही, एवढं तिच्या लक्षात यायला हवं होतं.

साध्यावर यासाठीच एम प्लस आणि एम मायनस ही जोडी दिलेली असते, एक मेमरीत मिळवतो, दुसरा मेमरीतून वजा करतो. आधी मेमरी रिकामी करा. मग ३ × ५ एम प्लस, ८ × २ एम मायनस, एमआर. पडद्यावर −१. वहीत लिहा. मेमरी पुन्हा रिकामी. ५२० × ५ एम प्लस, ८ × ३४० एम मायनस, एमआर: −१२०. पुन्हा रिकामी. ३ × ३४० एम प्लस, ५२० × २ एम मायनस, एमआर: −२०. मध्ये = दाबायची गरज नाही, एम प्लस स्वतःच गुणाकार पुरा करून घेतो. −१२० ला −१ ने भागलं की शेवभाजी १२०, आणि भाकरी २०.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे मेमरी रिकामी करणं. पोरांना वाटतं एसी दाबलं की सगळं पुसलं. बहुतेक कॅल्क्युलेटरवर एसीने पडदा पुसतो, मेमरी तशीच राहते. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ‘एम’ दिसतोय का बघा. दिसत असेल तर मागच्या गणिताचं, किंवा कालच्या गिऱ्हाइकाच्या उधारीचं, काहीतरी आत बसलेलं आहे. एमसी दाबा. एमसी-एमआर वेगळे नसून एमआरसी असं एकच बटण असेल तर ते लागोपाठ दोनदा दाबायचं: पहिल्यांदा आकडा दिसतो, दुसऱ्यांदा तो जातो. दुसरं, ऋण चिन्ह. ते आकड्याला चिकटून नसतं, पडद्याच्या टोकाला जाऊन बसतं, आणि घाईत दिसत नाही. डी ऋण आणि डी-क्ष धन वाचलात तर शेवभाजी −१२० ची होते.

डी शून्य आला तर भागताना ‘ई’ किंवा ‘मॅथ एरर’ येणारच. तेव्हा कॅल्क्युलेटर सोडा आणि समीकरणांकडे बघा. दुसरं बिल ६ शेवभाज्या, १६ भाकरी, १०४० रुपये असेल तर ते पहिल्याच बिलाची दुप्पट आहे, त्यातून नवीन काही कळत नाही, उत्तरं अगणित. तेच बिल १००० चं असेल तर दोन्ही बिलं एकदम खरी असूच शकत नाहीत.

सायंटिफिकमध्ये समीकरणाचा मोड असेल तर

सगळ्यांत नसतो. कॅसिओच्या एफएक्स-८२एमएसमध्ये तो नाही, उगाच मोड दाबत बसू नका. एफएक्स-९९१एमएसवर मोड तीनदा, मग १, मग २. एफएक्स-९९१ईएसवर मोड, ५, १. पुढे तो एकेक सहगुणक (क्ष किंवा य च्या आधीचा आकडा) विचारतो, प्रत्येकानंतर = दाबायचं.

इथली नेहमीची चूक एकच, पण ती हुशार पोरंच जास्त करतात. वर्गसमीकरण मांडताना सगळं एका बाजूला घेऊन उजवीकडे शून्य ठेवायची सवय लागलेली असते, म्हणून ३क्ष + ८य − ५२० = ० असं लिहितात आणि −५२० टाकतात. या मोडमध्ये शेवटचा आकडा उजव्या बाजूचा असतो. −५२० आणि −३४० टाकले तर उत्तर येतं −१२० आणि −२०. आकडे बरोबर, चिन्हं उलटी. दोन्ही उत्तरं एकदम उलट्या चिन्हाची आली की कारण जवळपास नेहमी हेच. वर्गसमीकरणाच्या मोडमध्ये मात्र आकडा डाव्या बाजूचाच द्यायचा असतो. एकाच यंत्रात दोन रीती कशाला ठेवल्या हे मलाही अजून पटलेलं नाही.

एखादं चल समीकरणात नसेल तर त्याच्या जागी ० टाका, नुसतं ‘क्ष’ असेल तर १. काम झालं की मोड दाबून नेहमीच्या हिशेबावर परत या, नाहीतर पुढची साधी बेरीज सहगुणकाच्या चौकटीत जाऊन पडते आणि पोरगं म्हणतं, बेरीजसुद्धा करत नाही.

एका चलाचं समीकरण एफएक्स-९९१ईएसवर सरळ टाइप करूनही सुटतं. मधलं ‘बरोबर’ मात्र कोपऱ्यातलं मोठं = नव्हे; अल्फा दाबून कॅल्क बटणावरचं लाल = घ्यायचं. मग शिफ्ट आणि कॅल्क, आणि शेवटी मोठं =. आपलं पहिलं समीकरण टाकलं की १५ येतं, आणि खाली डावी बाजू वजा उजवी बाजू शून्य असंही दाखवतं.

उणे चिन्हाचं वेगळं दुखणं

साध्यावर ८ × − ३ = दाबून बघा. ५ येईल. × नंतर लगेच − दाबलं की तो समजतो तुमचा विचार बदलला, × विसरतो आणि वजाबाकी करतो. ८ × ३ दाबून मग अधिक-उणे असं दोन्ही चिन्हांचं बटण दाबा, मग =. ते बटण नसेल तर २४ काढा आणि उणे वहीत स्वतः लावा. सायंटिफिकवर दुसरी गंमत आहे: −३ चा वर्ग कंसाशिवाय टाकला तर −९ येतो, कारण तो आधी ३ चा वर्ग करतो आणि मग उणे लावतो. (−३) असा कंस घातला की ९.

वर्गमुळात पुन्हा तीन उत्तरं

९ + १६ चं वर्गमूळ ५. आता साध्यावर ९ + १६ √ = दाबा: १३. कारण √ फक्त पडद्यावर असलेल्या १६ ला लागलं, त्याचे ४ झाले, आणि ९ मध्ये मिळाले. सायंटिफिकवर √ ९ + १६ = दाबा: १९. तिथे √ फक्त ९ ला लागलं. साध्यावर आकडा आधी आणि √ नंतर, आणि बेरीज असेल तर आधी = दाबून ती पुरी करायची: ९ + १६ = √. सायंटिफिकवर √ आधी आणि पुढे कंस: √(९ + १६). ज्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं छप्पर पुस्तकासारखं दिसतं, तिथे छपराखालून बाहेर यायला उजवा बाण दाबावा लागतो. तो न दाबता पुढे ÷ २ केलं तर तो भागाकारही छपराखाली जातो.

हे फक्त वहीपुरतं नाही. आमच्या गल्लीत एक मिस्तरी आहेत, त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. १० बाय १२ ची खोली आखायची होती. गुण्या (काटकोन बघायचं साधन) लहान पडतो म्हणून त्यांनी कर्ण मोजायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं: १०० + १४४ = २४४, वर्गमूळ १५.६२. हे त्यांनी मोबाइलवर काढलं, आणि टेपवर १५ फूट ६ इंच धरले. पॉइंट सहा म्हणजे सहा इंच! चार दिवसांनी फरशी बसवताना शेवटच्या ओळीत पाचर निघाली. मी त्यांच्याकडे सहज गेलो होतो, तर ते कॅल्क्युलेटरवरच चिडले होते.

०.६२ फूट म्हणजे ६ इंच नव्हेत. पॉइंटनंतरचा भाग १२ ने गुणायचा: ०.६२०५ × १२ = ७.४४६. म्हणजे १५ फूट ७ इंच, वर साडेतीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जिभाऊंनी धरलेल्या मापाने १२ फुटांची भिंत दुसऱ्या टोकाला सव्वादोन इंच तिरकी जाते. पाचर तिथून आली होती. तेव्हापासून ते कर्ण मला फोनवर विचारतात, आणि मी इंच-सुतात सांगतो.

जमिनीच्या मापातही हेच. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ चं वर्गमूळ ३३, म्हणून ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे एक गुंठा, हे इथे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतं. मग दहा गुंठ्यांच्या चौकोनी प्लॉटची बाजू विचारली की निम्मी पोरं ३३० सांगतात. ३३० बाय ३३० म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर! १०८९० चं वर्गमूळ १०४.३५५. चुकीचं बटण दाबल्यामुळे कॅल्क्युलेटरने काही भलतंच दिलं तर ओळखायला एक जुनी युक्ती आहे: उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा. १|०८|९०. तीन गट, म्हणून वर्गमुळात पॉइंटच्या आधी तीन अंक. पहिला गट १, म्हणून सुरुवात १ ने. ३३० तिथेच बाद.

साध्या बटणांच्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरला कधी कधी √ नसतं. अडू नका. अंदाज घ्या, भागा, सरासरी काढा. १०८९० साठी अंदाज १०० घेतला. १०८९० ÷ १०० = १०८.९. दोघांची सरासरी १०४.४५. १०८९० ÷ १०४.४५ = १०४.२६०४. पुन्हा सरासरी १०४.३५५२. दोन फेऱ्यांत टेपला पुरेल इतकं उत्तर मिळालं. अंदाज वाईट असला तरी फक्त काही फेऱ्या वाढतात.

ऋण आकड्यावर √ दाबलं तर ‘ई’ येऊन यंत्र अडून बसतं, सी किंवा एसी दाबेपर्यंत हलत नाही. हा बिघाड नाही. आमच्या इथून जवळ, पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सांगून ठेवलंय की धन संख्येला दोन मुळं असतात, एक धन आणि एक ऋण, आणि ऋण संख्येला मूळ नसतं, कारण ती कशाचाच वर्ग नसते. कॅल्क्युलेटर यातलं अर्धंच पाळतो. ऋणाला ‘ई’ देतो, पण ४९ चं मूळ विचारलं तर नुसतं ७ दाखवतो. क्ष² = ४९ असं समीकरण असेल तर −७ तुम्हाला स्वतः लिहायचंय. पॉलिटेक्निकच्या पेपरात इथेच अर्ध्या मार्कावर पाणी सोडलं जातं. भिंतीची लांबी काढत असाल तर मात्र −७ खुशाल सोडा.

बारा अंकी कॅल्क्युलेटरवर २ चं मूळ काढून त्याचा पुन्हा वर्ग केला तर १.९९९९९९९९९९९ येतं, २ नाही. पडद्यावर मावले तेवढेच अंक त्याने धरलेले असतात, शेपूट कापलेलं असतं. म्हणून मूळ मध्येच १.४१ करून वहीत लिहू नका, शेवटपर्यंत तसंच यंत्रात ठेवा.

वरचा सरकता खटका

हे फक्त टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसाठी. वर पॉइंटनंतर किती अंक दाखवायचे ते ठरवणारा एक खटका असतो: एफ, ४, २, ०, ए. शून्यावर असेल आणि शेजारचा खटका ५/४ वर (म्हणजे पुढचा अंक ५ किंवा जास्त असेल तर एक वाढवणारा) असेल तर ३क्ष = २०० चं उत्तर ६७ येतं, आणि पडताळा घेतला की ३ × ६७ = २०१. एफवर ठेवला की ६६.६६ पुढे पडदाभर. ‘ए’ हे रुपये-पैशांची बेरीज करणाऱ्यांसाठी: तुम्ही १५० + २५० दाबता, तो शेवटचे दोन अंक पैसे समजतो आणि ४.०० दाखवतो. गणितासाठी खटका एफवर, यात मी वाद घालत नाही. दुकानदाराच्या मुलाने हे ऐकून घरी खटका हलवला आणि वडिलांची बोलणी खाल्ली, म्हणून एवढं सांगतो की काम झालं की होता तिथे परत न्या.

आणि मे महिन्यात, भुसावळ-जळगावकडच्या उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत राहिलेल्या कॅल्क्युलेटरचा पडदा काळा पडतो. फेकू नका. सावलीत, पंख्याखाली ठेवला की बहुतेक वेळा आकडे परत येतात. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत पाणी धरतं.

एवढं करूनही जुळत नसेल तर माझ्याकडे नुसतं चुकीचं उत्तर घेऊन येऊ नका. कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली ते वहीत एका ओळीत लिहून आणा. परवा त्याच दुकानदाराच्या मुलाने अशी ओळ आणली. क्रम बरोबर, मेमरी रिकामी, खटका एफवर, तरी उत्तर चुकलेलं. मी त्याला प्रत्येक बटणानंतर पडद्यावर काय दिसतं तेही लिहायला लावलं. तिसऱ्याच ठिकाणी सापडलं: ४५ दाबलं की ४५५ दिसत होतं. पाचाचं रबर झिजलं होतं, बटण एकदा दाबलं की दोनदा लागत होतं. या वेळी त्याचंच खरं होतं, कॅल्क्युलेटर बिघडलेलाच होता.